दोन ठोके

आईने पापणी मिटली, एवढंच झालं. सकाळचे सहा, स्वयंपाकघरातला दिवा, खुर्चीत मान मागे टाकून बसलेली आई, माझ्या उजव्या हातात थेंबांची बाटली आणि डाव्या हाताचं बोट तिच्या खालच्या पापणीवर. ऑपरेशनला नऊ दिवस झाले. दर चार तासांनी थेंब, म्हणजे सकाळचे आणि रात्रीचे मी, मधले शेजारच्या काकू. आजवर कितीतरी वेळा मी हे केलंय आणि प्रत्येक वेळी तिने पापणी मिटलीच असणार. पापणीचं कामच ते. पण आज बोटाखाली ती हलली आणि माझा हात चटका बसल्यासारखा मागे आला. थेंब गालावरून ओघळत तिच्या कानात गेला. "अरे, औषध डोळ्याचं आहे," आई म्हणाली. "कान माझे अजून शाबूत आहेत." मी म्हटलं, बाटली निसटली. तिने पुन्हा डोळा उघडला आणि दिव्याकडे बघत वाट पाहत राहिली, निमूट. मला ते निमूटपण बघवेना. दुसऱ्यांदा मी दोन बोटांनी पापण्या फाकवल्या आणि थेंब टाकला. "दुखतंय रे," ती म्हणाली, "एवढं दाबायला तो काय कुठे पळून चाललाय?" मी गॅसकडे वळलो. चहाचं भांडं आधीच चढवलेलं होतं आणि मी ते पुन्हा चढवायला निघालो होतो.

हे डावं बोट म्हणजे माझी नोकरी. लोकांना मी 'तपासणीचं काम' एवढंच सांगतो, आई शेजारणींना 'गाडीवर असतो' म्हणून सांगते, आणि दोन्ही खरं आहे. आमची गाडी लांबलचक, पांढरी, बाहेरून दुधाची वाटावी अशी. ज्यांच्याकडे आठ-दहा मेंढ्या नाहीतर दोन-चार डुकरं, त्यांनी जनावर ट्रकात भरून मोठ्या कत्तलखान्यात न्यायचं म्हणजे दिवसभराचा प्रवास. तहानेने आणि भीतीने ते वाटेतच अर्धं मरतं. म्हणून कत्तलखानाच चाकांवर घातला आणि त्यांच्या दारात नेला. मागे उतरती फळी, मग अरुंद कप्पा, मग जनावर टांगायचे आकडे, सुऱ्या बुडवायला कढत पाण्याची टाकी, पुढे थंड खोली. माणसं तीन. ड्रायव्हर, जो गाडी थांबली की कातडी सोलतो. मामा, म्हणजे माझा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ, ज्याच्या हातात चिमटा आणि सुरी. आणि मी. मामा विजेचा चिमटा मेंढ्याच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी लावतो, तीन सेकंद. मेंढा कोसळतो. पाय झाडतो, पण पाय बेशुद्धीतही झाडले जातात, त्यावरून काही कळत नाही. शुद्ध गेली की नाही हे फक्त डोळा सांगतो. मी त्याच्या उघड्या बुबुळाला बोट लावतो. पापणी हलली नाही तर सुरी. हलली तर पुन्हा चिमटा. आणि हे सगळं पंधरा सेकंदांच्या आत, कारण पुढे ते जागं व्हायला लागतं. एकाच गाडीवर मामा-भाचे कसे, असं कार्यालयाने सुरुवातीला विचारलं होतं; दुसरं कोणी यायला तयार होईना, तेव्हा विचारायचं बंद केलं.

बोट किती हलकं लावायचं ते मामाने मला शिकवलं, तेही त्याच्या स्वतःच्या डोळ्यावर. पहिल्या आठवड्यात मी इतका दाबायचो की तो वैतागला. फळीवर बसला, एका हाताने पापणी वर धरली आणि म्हणाला, "लाव. माझ्या डोळ्याला लाव." मी घाबरत लावलं. पापणी झटकन मिटली आणि डोळ्यातून पाणी आलं. "हलली," मी म्हटलं. "हलायलाच पाहिजे," तो हसला, "जिवंत आहे ना अजून मी." मग त्याने डोळा पुसला आणि पुन्हा लावायला सांगितलं, पाच-सहा वेळा, माझं बोट हलकं होईपर्यंत. दिवसभर त्याचा तो डोळा लाल होता. आईने विचारलं तर म्हणाला, कचरा गेला.

गाडीत कोणी बोलायचं नाही हाही नियम त्याचाच. माणसाचा आवाज बदलला की जनावराला कळतं, म्हणायचा. ड्रायव्हर एरवी तोंडाने शीळ घालत असतो, पण कप्प्यात जनावर असेपर्यंत तोही गप्प. म्हणून मी पत्र्याच्या भिंतीवर बोटाच्या पेराने ठोके द्यायचो. दोन ठोके म्हणजे घे. एक ठोका म्हणजे थांब, पुन्हा चिमटा. कार्यालयाच्या कागदावर नुसतं 'तपासनिसाच्या इशाऱ्यानंतर' एवढंच आहे, ठोके आमचे. सहा वर्षांत मामाची सुरी दोन ठोक्यांशिवाय कधी उचलली गेली नाही. त्याची नजर जनावराच्या मानेवर असायची, माझ्याकडे तो बघायचाही नाही. कानच तेवढे माझ्याकडे. आणि दुसरा ठोका पडला की हात निघालाच.

गेल्या वर्षापासून त्याचा हात थरथरायला लागला होता. सारखा नाही; मधूनच, दुसऱ्याच कोणाचा असल्यागत. चिमटा क्षणभर सुटायचा, मेंढा कोसळायचा पण पापणी हलायची, मी एक ठोका द्यायचो, तो पुन्हा लावायचा. काम फत्ते. असं अकरा वेळा झालं. मी मोजलंय, मोजणं माझ्या स्वभावातच आहे, जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मी मोजतो. अकरा वेळांपैकी एकदाही आम्ही त्यावर बोललो नाही. दुपारी फळीवर शेजारी बसून डबा खायचो, तो उजवा हात मांडीखाली घालून डाव्या हाताने जेवायचा, आणि मी समोरच्या शेताबद्दल काहीतरी बोलायचो. झाकली मूठ. मला वाटायचं, यात वाईट काय आहे? त्याचा हात चुकतो, माझं बोट पकडतं, जनावराला काही कळत नाही. दोघांचं मिळून एक धड माणूस होत होतं. मग महिन्याभरापूर्वी नवा चिमटा आला, हलका, आणि मामाचा हात स्थिर झाला. सलग वीस-बावीस दिवस एकदाही 'थांब'चा एक ठोका द्यावा लागला नाही. माझं बोट निवांत झालं.

"मामाला सांग, रविवारी ये म्हणावं," आई म्हणाली. तिच्या दुखऱ्या डोळ्यावर आता पांढरं झाकण होतं, दुसऱ्या डोळ्याने ती माझ्याकडे बघत होती. "परवा आला होता तेव्हा चहा अर्धा बशीत आणि अर्धा सदऱ्यावर. मला दिसत नाही असं वाटतं त्याला. एक डोळा तर चालू आहे ना माझा." मी म्हटलं, सांगतो. "त्याला ओरडू नकोस हं. त्या गाडीवाचून त्याला दुसरं आहे काय? ना बायको, ना पोर. सुट्टीच्या दिवशी सुद्धा सुऱ्यांनाच धार लावत बसतो." मग म्हणाली, "आज लवकर निघालास?" मी म्हटलं, कार्यालयात काम आहे. काम कसलं ते तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला जिना उतरताना वाटलं. बेचाळीस पायऱ्या उतरेपर्यंत ते खोटं आहे हेही कळलं.

काल आम्ही ज्या शेतावर गेलो, तिथे एक बाई एकटीच राहते. ताई म्हणतो आम्ही तिला, वयाने ती माझ्याएवढीच असेल. चौदा मेंढ्या आणि एक म्हातारा एडका. त्याचे पुढचे दात पडलेले, चारा चावता येईना, हिवाळा निघाला नसता. ताईने आम्हाला दोनदा बोलावून दोनदा परत पाठवलं होतं. काल म्हणाली, आता न्या. बांधायला दोरी लागलीच नाही. तिने तळहात पुढे धरला आणि तो रिकामा तळहात हुंगत एडका तिच्यामागून फळी चढून आत आला. तिच्याकडे बघून मामाने मान हलवली, ती खाली उतरली, पण गेली नाही. गाडीच्या उघड्या झडपेशी पाठ करून उभी राहिली. मी बाहेर त्याला चालताना बघितलं होतं, श्वास मोजले होते, सगळं व्यवस्थित. वीज नीट जावी म्हणून मामाने डोक्यावरची लोकर ओली केली. चिमटा लावला. एडका कोसळला. मी वाकलो, आणि माझ्या एप्रनच्या खिशात फोन थरथरला. दहाचा अलार्म. आईला फोन करून आठवण करायची, काकूंना हाक मारून थेंब घालून घे म्हणून. माझा उजवा हात पत्र्यावर होता. त्याने दोन ठोके दिले. माझं डावं बोट तेव्हा डोळ्यापासून वीतभर दूर होतं. मग ते डोळ्यावर पोचलं आणि पापणी हलली. बोटाखाली, मऊ, ओली पापणी मिटली आणि उघडली. आणि बुबुळ फिरलं, माझ्याकडे. सुरी तोवर गेलेली होती.

मेंढरू ओरडत नाही. वेदनेतही ते गप्प राहतं, त्यांची जातच तशी, आणि त्या गप्पपणाने मला वाचवलं. मामाने माझं तोंड बघितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने कामाच्या मध्ये माझ्याकडे बघितलं असेल. एक क्षण, मग डाव्या हाताने चिमटा ओढून पुन्हा लावला, घट्ट, दोन्ही गुडघे टेकून, आणि सुटला नाही. सगळे मिळून किती सेकंद? मी मोजले नाहीत. पायऱ्या मोजणारा मी, ते मोजले नाहीत. नंतर मी काळीज, फुप्फुसं तपासली, जांभळा शिक्का मारला, सगळं निरोगी. हात धुऊन खाली उतरलो तर ताई तिथेच. "शांत गेला ना?" तिने विचारलं. तळहात अजून अर्धवट पुढे होता. मी म्हटलं, "हो. कळलंसुद्धा नाही त्याला." तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. डावा.

परतताना ड्रायव्हर पुढे शीळ घालत होता आणि आम्ही मागच्या बाकावर. मामाने यंत्रातली पट्टी दाखवली. चिमट्याला जोडलेल्या खोक्यातून प्रत्येक जनावरामागे कागदाची पट्टी निघते, किती सेकंद वीज गेली ते त्यावर छापलेलं असतं, आणि संध्याकाळी त्या सगळ्या कार्यालयात जातात. एडक्याची पट्टी तोकडी होती. दीड सेकंद, मग खंड, मग पुन्हा. पूर्वीच्या अकरा पट्ट्याही तशाच असणार, पण तिथे खंड दोन सेकंदांचा, कोणाच्या नजरेत न भरणारा. हा लांब होता. "माझा हात सुटला," मामा म्हणाला. "ते पट्टीवर आहेच. तुझं काही पट्टीवर नाही." मी म्हटलं, मामा, मी ठोके दिले. "कोणी ऐकले?" तो म्हणाला. "ड्रायव्हर आकड्यापाशी होता, पाणी सोडून. मी सांगतो, मी इशाऱ्याची वाट बघितली नाही. घाई केली. संपलं." मी म्हटलं, हात थरथरला एवढंच सांग, फार तर चिमटा काढून घेतील, नव्या लोकांना सुरी शिकवायला ठेवतील. इशाऱ्याशिवाय सुरी लावली म्हटलं तर परवान्याचं कार्ड जाईल, कायमचं, आणि काढून टाकलेल्यांत नाव कार्यालयाच्या दारावरच्या फलकावर लागेल. "मग तू काय बघत होतास असं ते विचारतील," तो म्हणाला. "आणि मग तू जाशील. आईचं कोण बघेल? मला तसंही सोडायचंच होतं." त्याला सोडायचं नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. मी खिडकीबाहेर बघितलं. मी नाही म्हणालो नाही, हे मात्र खरं.

बसमध्ये समोर एक माणूस डुलक्या घेत होता. पापण्या मिटत, उघडत, मिटत. मी जागा बदलली. नव्या जागी खिडकीच्या काचेत माझाच चेहरा, आणि मी पापणी न हलवता किती वेळ राहता येतं ते बघत बसलो, एकोणीस सेकंद. मूर्खपणा. मनात एकसारखी वकिली चालू होती आणि वकील हुशार होता. हात त्याचाच सुटला ना? वर्षभर तूच त्याला सांभाळलंस ना? एकदा तू चुकलास तर त्याने सांभाळलं, फिटंफाट. आणि अलार्म कशाचा होता? आईच्या औषधाचा. आईची काळजी घेणं हा काय गुन्हा आहे? असं बरंच. एका सिग्नलला बस थांबली आणि शेजारच्या टेम्पोच्या पत्र्यावर कोणीतरी दोनदा थाप मारली, जाऊ दे म्हणून. टेम्पो निघाला. मी एक थांबा आधीच उतरलो आणि उरलेलं अंतर चालत गेलो.

कार्यालय म्हणजे गाड्या धुवायच्या पटांगणालगतची एक खोली. पत्र्याचं टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर हात धुण्याची सहा चित्रं. आमची गाडी बाहेर उभी होती, मागचं दार उघडं, आत ड्रायव्हर नळी घेऊन शीळ घालत होता. मामा आधीच येऊन बसला होता. धुतलेला सदरा, केस चापून बसवलेले; लग्नाला आल्यासारखा. मी आत आलो तसा म्हणाला, "आई कशी आहे? डोळा?" मी म्हटलं, ठीक. चौकशीच्या बाई पन्नाशीच्या, शांत, पूर्वी मोठ्या कत्तलखान्यात जनावरांच्या डॉक्टर होत्या. त्यांना गंडवणं सोपं नव्हतं आणि त्यांना ते आवडणारही नव्हतं. त्यांच्यापुढे पट्टी ठेवलेली, तिच्या बाजूला मामाचा जबाब. तो त्यांनी मला वाचून दाखवला. तपासनिसाच्या इशाऱ्याची वाट न पाहता मी सुरी लावली. तपासनिसाचा दोष नाही. खाली मामाची सही, वेडीवाकडी, शाळेत घातल्या दिवसापासून तो तशीच करत आला असेल किंवा आता हातामुळे असेल.

"तुम्ही एवढंच सांगा," बाई मला म्हणाल्या, "यांनी सुरी लावली तेव्हा तुम्ही इशारा दिला होता की नव्हता?"

एका शब्दाचं उत्तर. नव्हता. मी तोंड उघडलं. मामा माझ्याकडे बघत नव्हता, खिडकीतून गाडीकडे बघत होता. दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे, आणि उजवा अगदी स्थिर. आजच का स्थिर, असं मला वाटलं, आणि राग आला, त्याच्या हाताचा, धुतलेल्या सदऱ्याचा, माझा. आणि तेवढ्यात खिशात फोन थरथरला. दहा. मी तो बंद केला नव्हता, काल रात्रीही नाही, आज सकाळीही नाही. पत्र्याच्या टेबलाला माझी मांडी टेकलेली होती. टेबल बारीक गुरगुरायला लागलं. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. मामाने मान वळवली आणि माझ्या खिशाकडे बघितलं, आणि मला कळलं की काल त्यालाही हे ऐकू आलं होतं. माझा उजवा हात टेबलावर होता. मी मुद्दाम केलं की हाताने आपणहून केलं, हे मला अजून सांगता येत नाही. बोटाच्या पेराने मी पत्र्यावर दोन ठोके दिले.

मामाचा हात उठला. गुडघ्यावरून चार बोटं उंच, मूठ वळलेली, अंगठा मुठीवर आडवा, मनगट आतल्या बाजूला वळलेलं. त्या मुठीत सुरी नव्हती, एवढाच फरक. पुढे जाऊन तो थांबला आणि हवेत तसाच राहिला. मामा स्वतःच त्याच्याकडे बघत होता. बाईही बघत होत्या. त्यांनी बराच वेळ त्या हाताकडे बघितलं, मग जबाबाकडे, मग पुन्हा हाताकडे. बाहेर नळीचं पाणी गाडीच्या पत्र्यावर आदळत होतं.

"हे असंच चालतं का तुमचं?" बाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"हो," मी म्हटलं. "दोन ठोक्यांशिवाय यांची सुरी हलत नाही. सहा वर्षांत हललेली नाही. काल ठोके मी दिले. डोळ्याला बोट लावायच्या आधी."

"गप रे," मामा म्हणाला.

"पापणी हलली. मी बघितली. त्याने माझ्याकडे बघितलं."

"अलार्म वाजला म्हणून?" बाईंनी माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. त्या मला वाट करून देत होत्या, चांगली रुंद वाट. आईचं औषध, मुलाची काळजी, क्षणभर चित्त विचलित. कोणीही समजून घेतलं असतं. मी खिशात हात घालून फोन बंद केला. आणि मग मला ते सांगावं लागलं, जे मी काल संध्याकाळपासून स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "अलार्म कामाच्या मध्ये फक्त काल वाजला. त्याआधी पंधरा-वीस दिवस मी असंच करत होतो. हात आधी, बोट मागून. नवा चिमटा चांगला चालत होता, पापणी हलतच नव्हती. मी ठोके देऊन मग बघायचो."

मामाने सावकाश मान वळवली. पट्टी तोकडी आली तेव्हा, एडक्याने पाय झाडले तेव्हा, आणि कार्ड पणाला लावून सही केली तेव्हाही त्याचा चेहरा असा झाला नव्हता. वर्षभर त्याचा हात सुटला होता, पण त्याने माझ्या बोटावर भरवसा ठेवला होता. न बघता, नुसता कानांनी. तेच बोट गेले वीस दिवस तिथे नव्हतं, हे त्याला आत्ता कळत होतं. बाईंनी मामाच्या जबाबावर आडवी रेघ मारली, कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि पेन त्यावर ठेवलं. म्हणाल्या, "लिहा. याआधी किती वेळा यांचा हात सुटला तेही लिहा, मला जुन्या पट्ट्या काढता येतात. आणि त्या शेतवाल्या बाईंना कोण सांगणार तेही लिहा." मी म्हटलं, मी सांगेन.

मी लिहायला लागलो. पहिल्या ओळीतच पेन अडखळलं. मी तारीख खोडून पुन्हा लिहिली. मामाची मूठ आता टेबलाच्या कडेवर होती, अजून पुरती उलगडलेली नव्हती. बाई पट्टी घेऊन कपाटाकडे गेल्या तेव्हा तो माझ्याकडे झुकला. वाटलं शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"एकच द्यायचा होतास रे," तो हळूच म्हणाला. "मी थांबलो असतो."